वृद्धाश्रमातील नागरिक

मनोरुग्णालयात दाखल झालेल्या माणसाचे केस सक्तीने भादरता येत नाहीत. त्याची इच्छा असेल तर त्याला स्वतःचे कपडे घालू द्यावे लागतात. संस्थेचा गणवेश त्याच्यावर लादता येत नाही. त्याला दूरध्वनी करता येतो, आलेला घेता येतो, भेटीस आलेल्यास भेटता येते आणि नको असेल तर भेट नाकारताही येते. त्याच्याकडून काम करून घेतले तर मोबदला द्यावा लागतो. २०१७ साली संसदेने संमत केलेल्या आणि मे २०१८ मध्ये अमलात आलेल्या मानसिक आरोग्यविषयक कायद्यात हे सारे कलमवार लिहिलेले आहे. सर्व मनोरुग्णालयांत ते पाळले जाते असे कोणी म्हणणार नाही. परंतु ते लिहिलेले आहे आणि त्याचा भंग झाल्यास दाद मागण्यासाठी मंडळाची तरतूदही आहे. आता बुद्धी पूर्ण शाबूत असलेल्या, आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेल्या आणि निवृत्तिवेतनातून दरमहा स्वतःचा खर्च भरणाऱ्या एखाद्या गृहस्थाचा विचार करावा. तो वृद्धाश्रमात राहतो. ज्येष्ठ नागरिकांसाठी म्हणून जो कायदा संसदेने केला, त्यात या गृहस्थासाठी यांपैकी एकही वाक्य नाही.

तो कायदा २००७ सालचा. आईवडिलांचा व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह आणि कल्याण हा त्याचा विषय. मुलांनी वाऱ्यावर सोडलेल्या वृद्धाला प्रांताधिकाऱ्याच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे अर्ज करून दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळवता यावा, ही त्यातील मुख्य तरतूद, आणि ती उपकारक ठरली यात शंका नाही. वृद्धाश्रमांचा विचार मात्र एकोणिसाव्या कलमात उरकलेला आहे. राज्य शासनाने टप्प्याटप्प्याने प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा आश्रम काढावा; पण तो काढलाच पाहिजे असे नव्हे, काढता येईल. तेथील व्यवस्थेची योजनाही शासनास ठरवता येईल, आणि तीत वैद्यकीय सेवा व करमणुकीची साधने यांचा समावेश असेल. करमणुकीची आठवण झाली, हे एका परीने कौतुकास्पदच म्हणावयाचे. दाराला आतून कडी असावी की नसावी, आलेले पत्र कोणी फोडावे, संध्याकाळी फाटकाबाहेर पडायला कोणाची परवानगी लागावी, या गोष्टींची आठवण मात्र झाली नाही. मुलाविरुद्ध दाद मागता येईल असे न्यायाधिकरण या कायद्याने दिले. संस्थेविरुद्ध दाद मागता येईल असे काहीच दिले नाही. पैसे भरून राहणाऱ्यास फार तर ग्राहक आयोगाकडे जाता येईल. जो मोफत राहतो तो ग्राहकही नव्हे.

शब्दांतच पुष्कळसे दिसून येते. शासकीय कागदपत्रांत या मंडळींना ‘लाभार्थी’ म्हणतात आणि देणगीच्या पत्रकांत ‘आजी-आजोबा’. पहिल्या शब्दात उपकाराची भावना आहे. दुसऱ्यात जिव्हाळा आहे, पण ज्याला नाव होते, हुद्दा होता, मते होती, असा माणूस त्या जिव्हाळ्यात हळूहळू विरघळून जातो. अनेक आश्रमांच्या प्रवेशअर्जावर जबाबदार नातेवाईकाची सही लागते, आणि काही ठिकाणी त्या रकान्याला चक्क ‘पालक’ असे नाव असते. अठ्याहत्तर वर्षांच्या बापाचा पन्नाशीतला मुलगा हा पालक! सही त्याची, बोलणी त्याच्याशी, तक्रार कळवायची तीही त्यालाच. ज्याला तेथे राहायचे आहे त्याची संमती घेतली होती काय, हे विचारण्याचे बंधन कोणावर नाही. मनोरुग्णाला त्याच्या इच्छेविरुद्ध दाखल करायचे झाले तर डॉक्टरांचे दाखले लागतात, दिवसांची मर्यादा पडते, मंडळाला कळवावे लागते. वृद्धाला मोटारीतून उतरवून त्याची पिशवी आत नेली की काम झाले.

आश्रम या शब्दाचीही गंमतच आहे. परंपरेने ज्याला वानप्रस्थ म्हटले तो मनुष्य आपल्या पायांनी, आपल्या निश्चयाने घर सोडीत असे. आता आश्रम उरला आहे आणि निश्चय दुसऱ्याचा असतो.

या संस्था क्रूर असतात असे मुळीच नाही. महाराष्ट्रातील कितीतरी आश्रम एखाद्या दांपत्याने वा मूठभर कार्यकर्त्यांनी पदरमोड करून चालवलेले आहेत, आणि ज्यांना घरच्यांनी टाकले त्यांची शुश्रूषा तेथे मायेने होते. प्रश्न मायेचा नाहीच. माया असूनही माणसाचे लहानसहान अधिकार कसे निघून जातात, हे पाहण्यासारखे आहे. पहाटेचा चहा ठरलेल्या वेळी, दिवे मालवणे ठरलेल्या वेळी, दूरचित्रवाणीवर कोणती वाहिनी हे व्यवस्थापकाच्या मर्जीने. बँकेचे पासबुक आणि कार्ड ‘सुरक्षिततेसाठी’ कार्यालयातील कपाटात. भ्रमणध्वनीही पुष्कळदा तेथेच, म्हणजे ज्येष्ठांसाठी १४५६७ या क्रमांकाची मदतवाहिनी आहे खरी, पण तो क्रमांक फिरवायचा तो ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच टेबलावरून. मतदारयादीतील नाव मुलाच्या पत्त्यावर, शिधापत्रिकाही तेथेच. आश्रमात आलेला माणूस कागदोपत्री कोठेच राहत नाही.

आणि मग पाहुणे येतात. कोणाच्या नातवाचा वाढदिवस असतो, कोणाच्या वडिलांचे वर्षश्राद्ध. सभागृहात खुर्च्यांच्या ओळी लावून सर्वांना बसवले जाते. केळी, बिस्किटांचा पुडा, थंडीच्या दिवसांत शाल. एकेकाने पुढे यावे, वस्तू हाती घ्यावी आणि छायाचित्रकाराचे समाधान होईपर्यंत ती तशीच धरून ठेवावी. शाळेची सहल येते तेव्हा मुले गाणी म्हणतात, म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवायच्या. देणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसते. अन्नदानाने पुण्य लाभते ही श्रद्धा जुनी आहे आणि तिच्यावरच अनेक आश्रमांची चूल पेटते. परंतु एखाद्या निवृत्त मुख्याध्यापिकेला त्या दिवशी आपल्या खाटेवर पडून पुस्तक वाचायचे असेल तर? तिने नकार दिला तर ती कृतघ्न ठरते. आपला चेहरा कोणाच्या पुण्याचा पुरावा म्हणून छापला जावा की नाही, हे ठरवण्याचा अधिकार तिला असावा, असे अद्याप कोणाला वाटलेले दिसत नाही.

व्यवस्थापकांची बाजूही ऐकली पाहिजे. स्मृतिभ्रंश झालेली बाई रात्री फाटक उघडून रस्त्यावर गेली आणि वाहनाखाली सापडली तर जबाब कोण देणार, असे ते विचारतात. माणसे मिळत नाहीत, मिळाली तर टिकत नाहीत. हे खोटे नाही. मात्र एकीसाठी लावलेले कुलूप चाळीसजणांवर बसते, हेही खोटे नाही. ज्याची बुद्धी ठिकाणावर आहे अशा सज्ञान माणसाला कोंडून ठेवणे हा देशाच्या सर्वसामान्य दंडविधानाप्रमाणे गुन्हा आहे. तो सत्तरी ओलांडल्यामुळे गुन्हा राहत नाही असे कोठेही म्हटलेले नाही.

अमेरिकेतही एके काळी शुश्रूषागृहांतील वृद्धांना खुर्चीला पट्ट्याने बांधून ठेवण्याची सर्रास पद्धत होती, आणि कारणही हेच दिले जाई: पडतील, भरकटतील, माणसे अपुरी आहेत. १९८७ साली तेथे कायदा झाला. शिस्तीसाठी वा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी कोणालाही बांधता येणार नाही, गुंगीचे औषधही देता येणार नाही. पत्रे व भेटीगाठी खाजगी राहतील. रहिवाशांना आपली मंडळे स्थापून गाऱ्हाणी मांडता येतील. जी संस्था हे पाळणार नाही तिला सरकारी आरोग्ययोजनांचा पैसा मिळणार नाही, ही त्यातील खरी मेख. पुढील काही वर्षांत बांधून ठेवण्याचे प्रमाण पुष्कळ उतरले. तेथील सारी शुश्रूषागृहे आदर्श झाली असे नाही. परंतु पैशाची नाडी आवळली की ‘अशक्य’ म्हटलेल्या कितीतरी गोष्टी शक्य होतात, एवढे त्यातून दिसले.

आपल्याकडे मनोरुग्णांना आज जे अधिकार आहेत तेही सहजासहजी मिळालेले नाहीत. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडी येथील एका खाजगी निवासात आग लागली. साखळदंडांनी जखडलेले २८ मनोरुग्ण त्यात मरण पावले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, अशा निवासांची तपासणी झाली, पुढे अपंगांच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने मान्यता दिली आणि मग २०१७चा कायदा आला. मधे सोळा वर्षे गेली. वृद्धांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्येच सरकारला जागे केले. प्रतिष्ठा, निवारा व आरोग्य हे वृद्धांचे हक्क आहेत आणि वृद्धाश्रमांची जिल्हावार माहिती गोळा करावी, असे सांगितले. पुढच्याच वर्षी केंद्राने २००७च्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक लोकसभेत मांडले. वृद्धनिवासांची नोंदणी आणि किमान दर्जा यांची तरतूद त्यात होती. ते समितीकडे गेले, समितीने अहवाल दिला, आणि २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली तेव्हा ते संमत न होताच बाद झाले. त्याबद्दल कोठे फारशी हळहळ व्यक्त झाली नाही.

महाराष्ट्राने दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. राज्यातील बहुतेक सेवाभावी आश्रम विश्वस्त संस्था म्हणून नोंदलेले असतात, आणि धर्मादाय आयुक्तांकडे त्यांचा जमाखर्च जातो. जमाखर्च पाहणारे आहेत. ताटातील आमटी पाहणारे नाहीत. अनुदान व करसवलत यांवर चालणाऱ्या संस्थेला, आपल्या रहिवाशांचे हक्क मराठीत छापून दर्शनी भिंतीवर लावा, अनामत केव्हा व किती परत करणार हे करारात लिहा, कपाटातील पासबुक मागताक्षणी द्या, असे सांगण्यास तिजोरीतून एक पैसाही लागत नाही. तपासणीस वर्षातून दोनदा तरी कोणी जावे, न कळवता जावे, आणि त्यात एखादी निवृत्त शिक्षिका किंवा परिचारिका असावी. तिने प्रथम नोंदवही मागू नये. व्यवस्थापकांना बाहेर थांबण्यास सांगून तिने खाटेशेजारी खुर्ची ओढावी आणि तेथील बाईंना, आजी असे न म्हणता, त्यांच्या आडनावाने हाक मारून विचारावे की, शेवटी बाहेर जाऊन आलात त्याला किती दिवस झाले.