पिवळ्या वाटेची मॅकरोनी



‘द विझर्ड ऑफ ऑझ’ (१९३९) या अमेरिकी चित्रपटातली डोरोथी ही कॅन्सस या गव्हाच्या मुलखातल्या शेतावरची मुलगी. पिवळ्या विटांच्या वाटेने ती अद्भुत नगरीला जाते. मुलांना चित्रपट आवडला असेल, तर त्याच रंगाची चीज-मॅकरोनी घरी करा.

पाव किलो मॅकरोनी मिठाच्या उकळत्या पाण्यात शिजवून निथळा. तीन चमचे लोण्यावर तीन चमचे मैदा परतून अर्धा लिटर दूध थोडे थोडे घालत ढवळा. दाटले की पातेले खाली उतरवा. मगच १५० ग्रॅम किसलेले चीज, चिमूटभर हळद व मॅकरोनी मिसळा. आचेवर चीज फुटते.

अस्सल मॅकरोनी ड्युरम गव्हाच्या रव्याची. आपला शेवयांचा बन्सी गहू त्याच जातीचा. पोळीला नको म्हणून तो मोडीत काढू नका. घरच्यापुरते चार वाफे तरी राखा.