उशाशी बसलेले माणूस

दिवाळीची थंडी आपल्याला हवीहवीशी वाटते. पण आलापल्लीपलीकडे, जंगलातल्या एटापल्ली तालुक्यात अशी घरे आहेत की जिथे तीच थंडी आईच्या पोटात गोळा आणते. सिकलसेलच्या मुलाला गारठा, ताप, कमी पाणी पिणे, एवढेही निमित्त पुरते. रक्तपेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मूल हातापायांच्या वेदनांनी तळमळू लागते. जिल्हा रुग्णालय गडचिरोलीला, शंभर किलोमीटरच्या पलीकडे. म्हणून आई जागी; मूल शांत झोपले असले तरीही!

कुठेकुठे वर बोलणीही तिलाच. वास्तविक हा दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच हा आजार होतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलला जागा मिळाली, अधिक आधार लागणाऱ्यांसाठी मदतनीसाच्या भत्त्याचाही त्यात उल्लेख आहे. पण झोपेचा भत्ता कोण देणार?

आपल्या शहरी घरांतही अर्धांगाने पडलेले सासरे असतात आणि त्यांचे सारे करणारी सून असते. भेटायला येणारे मोसंबी आणतात, सासऱ्यांची चौकशी करतात, चहा मात्र तिच्याकडूनच घेतात! ती क्षुल्लक गोष्टीवरून चिडू लागली, जेवण टाळू लागली, की आपण म्हणतो, स्वभाव बदलला. अहो, ती थकली आहे! 'काळजी घे' एवढेच म्हणून चपला घालू नका. 'आज रात्री मी बसते, तू आत जाऊन नीज,' असे म्हणा. आणि खरोखरच बसा. पहिल्या रात्री तिला झोप लागणार नाही, दोनदा उठून पाहून जाईल. दुसऱ्या रात्रीही जा.