निदानाआधी गहू सोडवणे थांबवा

सीलिॲक आजाराच्या रक्ततपासणीचा अहवाल धड होकारार्थी नाही, धड नकारार्थी नाही, असा आला की आपल्या देशात एक ठरलेले वाक्य ऐकू येते : ‘काही दिवस गहू सोडून बघा.’ दवाखान्यात ते ऐकू येते, नातेवाईक ते सांगतात आणि समाजमाध्यमांवरील आहारगुरू तर रोजच सांगतात. हा सल्ला बिनखर्चाचा आणि निरुपद्रवी भासतो. प्रत्यक्षात तो निदानाची वाटच बुजवून टाकतो. म्हणून त्याचा स्पष्ट शब्दांत निषेध व्हायला हवा.

उत्तर भारतात या आजाराला सर्रास ‘गव्हाची ॲलर्जी’ म्हटले जाते. हे नावच दिशाभूल करणारे आहे. सीलिॲक हा स्वयंप्रतिकारक आजार आहे. गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतील अस्तरावरचे रसांकुर झिजतात आणि लोह, फॉलेट, कॅल्शियम नीट शोषले जात नाही. रुग्णाला जुलाब होतीलच असे नाही. एखाद्या मुलाची उंची खुंटते, तर एखाद्या तरुणीचा रक्तक्षय लोहाच्या गोळ्यांना दादच देत नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार ज्या देशात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत, तेथे अशी तरुणी गर्दीत सहज हरवून जाते.

हा आजार भारतात दुर्मीळ आहे, ही समजूतही टिकणारी नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, तेवीस हजारांहून अधिक प्रौढांच्या अभ्यासात त्याचे प्रमाण उत्तर भारतात १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के आढळले. आजाराला पोषक जनुके मात्र तिन्ही भागांत साधारण सारख्याच प्रमाणात होती. दक्षिणेपेक्षा उत्तरेत गव्हाचा आहार कितीतरी अधिक होता. तेव्हा जेथे गहू नव्याने ताटात येत आहे, तेथील डॉक्टरांनीही हा आजार विसरून चालणार नाही.

आता संदिग्ध अहवालाकडे वळू. टीटीजी-आयजीए ही पहिली चाचणी रक्तातील आयजीए वर्गाची प्रतिपिंडे मोजते. ज्याच्या शरीरात मुळात आयजीएच अत्यल्प तयार होते, त्याचा अहवाल आजार असूनही नकारार्थी येऊ शकतो. ही कमतरता सीलिॲकच्या रुग्णांत इतरांपेक्षा अधिक आढळते. म्हणून एकूण आयजीए सोबत मोजावे लागते, आणि नेमके तेच अनेकदा राहून जाते. उलटपक्षी, टीटीजीची किंचित वाढ इतर स्वयंप्रतिकारक आजारांत किंवा यकृताच्या विकारांतही दिसू शकते. बायोप्सीचीही तीच गत. आतड्यातील हानी सलग नसून तुकड्यातुकड्यांनी असू शकते, म्हणून वेगवेगळ्या जागांहून किमान चार-पाच नमुने घ्यावे लागतात. एकदोन नमुन्यांवर दिलेला निर्वाळा अपुरा ठरतो. शिवाय ट्रॉपिकल स्प्रू किंवा जिआर्डियाचा संसर्ग यांमुळेही रसांकुर झिजतात, आणि भारतात ही शक्यता डावलता येत नाही.

म्हणजे संदिग्ध अहवालानंतर कोणत्या पायऱ्या चढायच्या, हे ठाऊक आहे : एकूण आयजीए, ईएमए प्रतिपिंडे, पुरेशा नमुन्यांची बायोप्सी आणि गरज पडल्यास एचएलए डीक्यू२-डीक्यू८ ही जनुकीय चाचणी. यांतील पहिली आणि शेवटची वगळता बाकी चाचण्यांची अट एकच, रुग्ण गहू खात असला पाहिजे. गहू सुटला की प्रतिपिंडे हळूहळू उतरतात, आतडे भरून येऊ लागते आणि पुरावा पुसला जातो. मग निदान हवे असेल, तर त्याच रुग्णाला कित्येक आठवडे पुन्हा गहू खाऊन तो त्रास मुद्दाम ओढवून घ्यावा लागतो. अनेकांना ते सोसत नाही. त्यांच्यापुरता प्रश्न कायमचा अनुत्तरित राहतो. जनुकीय चाचणी गहू सोडल्यावरही करता येते, पण ती नकारार्थी आली तरच निर्णायक. होकारार्थी जनुके निरोगी लोकांतही सर्रास सापडतात.

‘गहू सोडल्यावर बरे वाटले, हा पुरावा नव्हे काय?’ असे विचारले जाईल. नव्हे. गव्हात फ्रुक्टान नावाची कर्बोदकेही असतात आणि त्यांमुळे सीलिॲक नसलेल्यांचेही पोट फुगते. बरे वाटणे खरे असेल, पण त्याचे कारण त्यातून सिद्ध होत नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा आणि तो अधिक गंभीर आहे. एंडोस्कोपीची सोय अनेक जिल्ह्यांत सहज मिळत नाही. पण या अडचणीवरचा उपाय म्हणजे ती सोय सार्वजनिक रुग्णालयांत उभी करणे. गरिबांच्या वाट्याला तर्क आणि श्रीमंतांच्या वाट्याला निदान, ही वाटणी कुणी शहाणपण म्हणून खपवू नये.

निदान इतके महत्त्वाचे का? कारण उपचार जन्मभराचा आणि काटेकोर आहे. केवळ पोळी टाळून भागत नाही. बाजारातल्या बांधणीच्या हिंगातही बहुधा मैदा असतो. ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणवणाऱ्या पदार्थाला भारतीय नियमांनुसार किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, इतकी बारीक ही बाब. अर्धवट खात्री असलेला माणूस लग्नाच्या पंगतीत एक पुरी खातो, वसतिगृहाच्या खानावळीत वाद घालत नाही, आणि आतडे आतल्या आत झिजत राहते. निदानच नसेल तर आईवडील आणि भावंडांची तपासणीही होत नाही, जरी त्यांना हा आजार असण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते. याउलट, ज्याला हा आजारच नाही त्याच्यावर आयुष्यभराचे पथ्य लादणे हाही अन्यायच.

प्रकृती फारच खालावली असेल, तर तज्ज्ञ वेगळा निर्णय घेतील. तो त्यांचा अधिकार आहे. इतरांसाठी क्रम साधा आहे : आधी तपासणी पूर्ण, मग पथ्य. संदिग्ध अहवाल हाती आलेल्या प्रत्येकाने गहू सोडण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत : एकूण आयजीए मोजले का? बायोप्सीचे नमुने किती आणि कुठून घेतले? या प्रश्नांना उत्तर न देता जो ‘सोडून बघा’ म्हणतो, त्याचा सल्ला नम्रपणे, पण ठामपणे नाकारावा.