अंमलबजावणीचे संशोधक घडवताना

जुलाब झालेल्या मुलाला ओआरएस पाजावे आणि १४ दिवस जस्ताची गोळी द्यावी, याबद्दल वैद्यकशास्त्रात आता वाद उरलेला नाही. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला, तेव्हा बनगाव इथे सलाइनचा साठा अपुरा पडला. डॉ. दिलीप महालनबीस यांनी क्षार आणि ग्लुकोजचे पाणी तोंडाने पाजायला सुरुवात केली आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. जस्ताची शिफारस जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००४ साली केली. तरीही २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात जुलाब झालेल्या मुलांपैकी सुमारे ६१ टक्क्यांना ओआरएस मिळाले आणि जस्त जेमतेम ३१ टक्क्यांना. पुरावा भक्कम आहे, औषध स्वस्त आहे, तरी ते मुलापर्यंत पोहोचताना कुठेतरी अडते. ते कुठे अडते हे शोधून वाट मोकळी करणे हा अंमलबजावणीच्या संशोधनाचा विषय आहे. हे काम करणारी माणसे शिकवूनच तयार करावी लागतात.

प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ किंवा औषधचाचणी करणारा डॉक्टर एखादा उपाय चालतो का, हे तपासतो. त्यासाठी तो परिस्थिती शक्य तितकी काबूत ठेवतो. अंमलबजावणीच्या अभ्यासकाला ही मुभा नसते. त्याच्यासमोर आरोग्यसेविकेचे रिक्त पद असते, मार्चअखेर संपलेला औषधसाठा असतो, चार ठिकाणी भरावी लागणारी तीच ती माहिती असते आणि रोजंदारी बुडेल म्हणून न येणारा रुग्ण असतो. या गोष्टी त्याला बाजूला सारता येत नाहीत, कारण त्याच त्याच्या अभ्यासाचा विषय असतात. त्यामुळे त्याला साथरोगशास्त्र आणि संख्याशास्त्र यांच्या जोडीला समाजशास्त्र, खर्चाचा हिशेब आणि शासकीय कारभाराची रीत यांचीही जाण लागते.

भारतात या कामाची परंपरा जुनी आहे. मद्रासच्या क्षयरोग औषधोपचार केंद्रात १९५६ साली सुरू झालेल्या अभ्यासाने १९५९ मध्ये दाखवून दिले, की घरी राहून औषधे घेणारे रुग्ण सॅनेटोरियममधल्या रुग्णांइतकेच बरे होतात आणि त्यांच्या घरातल्यांना त्यामुळे अधिक धोका होत नाही. खाटा मोजून उपचार देण्याची कल्पना इथे मोडली. त्याच वर्षी बंगळुरूला राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. तिथे डॉक्टरांच्या बरोबरीने समाजशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ बसत. डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांच्या १९६३ च्या अभ्यासात आढळले, की क्षयाच्या निम्म्याहून अधिक रुग्णांनी लक्षणांसाठी आधीच एखाद्या आरोग्यसंस्थेचे दार ठोठावले होते आणि तिथे त्यांचा आजार ओळखला गेला नव्हता. त्यामुळे दारोदार एक्स-रे गाडी फिरवण्यापेक्षा नेहमीच्या दवाखान्यात खोकणाऱ्याचा बेडका तपासणे अधिक फलदायी ठरणार होते. राष्ट्रीय कार्यक्रमाची बांधणी या विचारावर झाली. जिल्हा क्षयरोग केंद्रातले डॉक्टर आणि तंत्रज्ञ यांचे प्रशिक्षणही याच संस्थेत होई. संशोधन, कार्यक्रमाची आखणी आणि प्रशिक्षण एकाच छपराखाली असल्यामुळे अभ्यासाचे निष्कर्ष अंमलात यायला वेळ लागला नाही.

गडचिरोलीचा अनुभव दुसरी बाजू शिकवतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले. जंतुदोष ओळखून जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे हाही त्या कामाचा भाग होता. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर महाराष्ट्रातल्या सात ठिकाणी स्वयंसेवी संस्थांनी हे काम करून पाहिले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने पाच राज्यांत ते तपासले. २०११ मध्ये आशांच्या घरभेटींचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी सहा भेटी, घरी जन्मलेल्यासाठी सात आणि आशेला २५० रुपये, अशी त्याची रचना ठरली. आशेच्या हातचे इंजेक्शन मात्र त्यात नव्हते. निष्कर्षापासून कार्यक्रमापर्यंत बारा वर्षे गेली आणि मूळ उपायाचा एक महत्त्वाचा भाग वाटेत गळाला. उपायाचा कोणता भाग गाभ्याचा आहे, कोणता बदलला तर चालेल आणि बदलल्यावर परिणाम किती उरतो, हे प्रश्न मोठ्या प्रमाणावर राबवतानाच विचारावे लागतात. ते विचारणारा माणूस आरोग्यखात्याच्या आत हवा.

असा माणूस आत असला म्हणजे काय होते, हे उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या उपक्रमात दिसते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, केंद्र व राज्य शासने आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी २०१७ साली तो पाच राज्यांतल्या २५ जिल्ह्यांत सुरू केला. महाराष्ट्रातून भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे त्यात होते. उपक्रमात नवे औषध एकही नव्हते. राज्यासाठी एकच सोपा उपचारक्रम ठरला, औषधांची मागणी नोंदलेल्या रुग्णांच्या संख्येवरून काढली जाऊ लागली, एका वेळी ३० दिवसांच्या गोळ्या देण्यावर भर दिला गेला आणि प्रत्येक रुग्णाचे उपचारपत्र ठेवले गेले. जिल्ह्यांसाठी नेमलेले खास प्रशिक्षित अधिकारी आणि पर्यवेक्षक केंद्रांना भेट देऊन ही पत्रे तपासत. नोंद झालेल्यांपैकी या तिमाहीत किती जण आले, आलेल्यांपैकी कितींचा रक्तदाब १४०/९० च्या खाली आहे, न आलेल्यांना कोणी फोन केला, हे ते केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याशेजारी बसून पाहत. उपचारपत्रांचा गठ्ठा हीच त्यांची संशोधनसामग्री होती आणि पुढच्या महिन्याच्या औषध-मागणीत त्यांचा निष्कर्ष उतरत होता.

प्रशिक्षणाच्या वाटा आज उपलब्ध आहेत. क्षेत्रीय साथरोगतज्ज्ञ घडवण्याची पद्धत अमेरिकेत अलेक्झांडर लँगम्यूर यांनी १९५१ साली सुरू केली. तिचा गाभा असा, की शिकाऊ अधिकाऱ्याचा बहुतेक वेळ प्रत्यक्ष नेमणुकीवर जातो आणि वर्ग थोडा असतो. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेने २००१ पासून याच धर्तीवर पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवला. दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने २०१२ मध्ये तसाच कार्यक्रम सुरू केला. २००९ पासून चालणारा ‘सॉर्ट-आयटी’ हा छोटा अभ्यासक्रम सेवेत असलेल्यांसाठी विशेष उपयोगी आहे. प्रत्येक प्रशिक्षणार्थी आपल्या कार्यक्रमातला एक प्रश्न घेऊन येतो. पहिल्या टप्प्यात आराखडा, दुसऱ्यात माहितीचे व्यवस्थापन आणि तिसऱ्यात लेखन पूर्ण करावे लागते. ठरलेले काम वेळेत न झाल्यास पुढच्या टप्प्यात प्रवेश मिळत नाही. या शिस्तीमुळे कामाच्या रगाड्यातही अभ्यास तडीला जातो.

या सर्व वाटांवरचे सर्वांत अवघड कौशल्य म्हणजे प्रश्न नेमका करणे. ‘मधुमेही रुग्ण उपचार का सोडतात?’ या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही तालुक्यात मिळणार नाही. ‘एप्रिल ते जून या काळात या केंद्रात नोंदलेल्या रुग्णांपैकी दुसऱ्या महिन्यात किती आले नाहीत, त्यांतले किती उपकेंद्रापासून लांबच्या वाडीवरचे होते आणि त्या महिन्यात मेटफॉर्मिन किती दिवस संपलेले होते?’ या प्रश्नाला उत्तर आहे, कारण नोंदवही, गावांची यादी आणि साठा-रजिस्टर तिन्ही तिथेच आहेत. आकडे कुठे थांबतात, हेही शिकवावे लागते. रुग्ण आला नाही, एवढे रजिस्टर सांगते. तो का आला नाही, हे आशेसोबत त्याच्या घरी जाऊन, त्याची संमती घेऊन ऐकावे लागते. शासकीय नोंदी हाताशी आहेत म्हणून रुग्णाची ओळख उघड करण्याची किंवा नैतिकता समितीला वळसा घालण्याची मुभा संशोधकाला मिळत नाही, हा धडा अगदी सुरुवातीला हवा.

वैद्यकीय महाविद्यालयांत मात्र हे शिक्षण अजून काठावर आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याचा प्रबंध बहुधा रुग्णालयाच्या चार भिंतींत ठरतो, परीक्षेसाठी लिहिला जातो आणि ग्रंथालयात विसावतो. ज्याला त्याचा उपयोग झाला असता, त्या तालुका आरोग्य अधिकाऱ्याला तो कधी दिसतच नाही. २०२० मधल्या नियमाने पदव्युत्तर विद्यार्थ्यांना जिल्हा रुग्णालयाच्या व्यवस्थेत तीन महिने काम करणे बंधनकारक झाले आहे. मनुष्यबळाची तात्पुरती भर एवढ्यापुरतीच ही सोय पाहिली, तर संधी वाया जाईल. क्षयरोग कार्यक्रमाने प्रबंधांना अर्थसाहाय्य देऊन कार्यक्रमातले प्रश्न महाविद्यालयांत नेले आहेत. हा नमुना माता-बाल आरोग्य, असंसर्गजन्य आजार आणि मानसिक आरोग्य या कार्यक्रमांनीही उचलावा.

दुसरी उणीव आरोग्यखात्यातली आहे. प्रशिक्षण घेऊन परतलेला अधिकारी काही महिन्यांत दुसरीकडे बदलून जातो आणि त्याचे कौशल्य कोणाच्याच उपयोगी पडत नाही. जिल्हा पातळीवर अशा अधिकाऱ्याला ठरावीक काळाची नेमणूक, आठवड्यातला राखीव वेळ आणि मासिक आढावा बैठकीत निष्कर्ष मांडण्याचा हक्क मिळायला हवा. उणिवा दाखवणाऱ्या अभ्यासावर कारणे दाखवा नोटीस निघणार असेल, तर पुढच्या वेळी रजिस्टर निर्दोष दिसेल आणि शिकण्यासारखे काहीच उरणार नाही. प्रामाणिक नोंदीला संरक्षण मिळाले, तरच प्रशिक्षणावरचा खर्च सार्थकी लागतो.

या क्षेत्रातल्या वाचकांना म्हणून तीन गोष्टींचा आग्रह आहे. समाजवैद्यकशास्त्राच्या प्राध्यापकांनी प्रबंधाचा विषय ठरवण्याआधी विद्यार्थ्याला तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे पाठवावे आणि प्रश्न तिथून आणायला सांगावे. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी वर्षाला निदान एका अशा अभ्यासाला आपल्या नोंदी, वाहन आणि वेळ द्यावा. संशोधकांनी शोधनिबंध नियतकालिकाकडे धाडण्याआधी त्याचे दोन पानी मराठी टिपण त्या केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला, आरोग्यसेविकेला आणि गटप्रवर्तकाला समजावून सांगावे. निष्कर्ष ज्यांना राबवायचा आहे, त्यांच्या हाती तो आल्याशिवाय संशोधन पूर्ण झाले असे मानू नये.