हौद्यातला उजेड

मिक्सरच्या कार्बन ब्रशवरचा मागचा लेख वाचून दोघातिघांनी मिक्सर उघडले आणि ते चालूही झाले, असं कळवलं. बरं वाटलं. या खेपेला स्वयंपाकघरातून बाहेर पडून अंगणातल्या गाडीकडे जाऊया.

माझा धाकटा भाऊ कडोली भागातली भाजी पिकअपमधून गोव्याला नेतो. बेळगावची भाजी चोर्ला घाट उतरून तिकडं जाते, हे आपल्याकडच्या पोरांना सांगायला नको. पण ती जाण्यासाठी कुणीतरी रात्री अकरा-बाराला गाडी भरायची असते, दोनच्या सुमारास निघायचं असतं आणि उजाडायच्या आत म्हापशाला पोचायचं असतं. गाडीच्या हौद्यावर लोखंडी कमानी, कमानींवर ताडपत्री. बाहेर खांबावर दिवा असला तरी ताडपत्रीच्या आत काळोखच. मग भाऊ काय करायचा, तर मोबाइलची बॅटरी लावून मोबाइल दातात धरायचा आणि दोन्ही हातांनी क्रेट लावायचा. कोथिंबिरीच्या जुड्या मोजायच्या असल्या तरी तोंडात मोबाइल. आकडा मोठ्यानं म्हणता येत नाही, म्हणून बोटं दाखवायचा.

वय छप्पन्न. पेपर हात लांब करून वाचतो, पण चष्म्याचं नाव काढलं की चिडतो. एकदा बारा क्रेट लिहून घेतले आणि उतरवताना निघाले अकरा. फरक खिशातून भरला. पुढच्याच आठवड्यात फळीचा खिळा तळहातात घुसला. वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, यांना रात्रीचं दिसत नाही. मी सांगितलं तर ऐकायचे नाहीत, तुम्ही बघा की काहीतरी."

मी बघायच्या आधी पुतण्यानं बघितलं. बापाच्या वाढदिवसाला त्यानं रंग बदलणाऱ्या एलईडी पट्टीचं पाच मीटरचं रीळ मागवलं, रविवारी दुपारी दोन तासांत कमानीला चिकटवलं आणि वायर थेट बॅटरीला जोडली. वायर कुठली? घरातल्या जुन्या स्पीकरची. हौद्याच्या पत्र्याला ड्रिलनं भोक पाडलं, त्यातून वायर ओवली, झालं. संध्याकाळी गाडी निळी-जांभळी झगमगायला लागली. गल्लीतली पोरं फोटो काढायला जमली.

नऊ दिवस चाललं. दहाव्या दिवशी भाजी उतरवून भाऊ परत येताना घाटात त्याला प्लास्टिक जळल्याचा वास आला. गाडी बाजूला घेतली, तर बॅटरीकडून मागं जाणाऱ्या वायरचं वेष्टण वितळून थेंब पडत होते. दोर कापायचा कोयता होता, त्यानं वायर तोडली म्हणून बचावला. वर ताडपत्री, आत रिकाम्या पोत्यांचा ढीग आणि खाली डिझेलची टाकी. मला हे सगळं त्यानं दुसऱ्या दिवशी हसत सांगितलं. मला काही हसू आलं नाही.

आता नीट समजून घ्या, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या बाइकला, कारला, मामांच्या टेम्पोला अशाच पट्ट्या लागलेल्या मी बघितल्या आहेत. दिव्यात काही दोष नव्हता. पत्र्याच्या भोकाची कड धारदार होती. गाडी हादरत राहते, वायर त्या कडेवर घासत राहते. एक दिवस वेष्टण कापलं गेलं आणि आतलं तांबं पत्र्याला टेकलं. गाडीचा सगळा पत्रा बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेला असतो. म्हणजे वीज दिव्यापर्यंत गेलीच नाही, आडवाटेनंच परत फिरली. त्या पट्टीला दोन-तीन अँपिअर पुरायचे. अशा शॉर्टमध्ये तेवढ्या बारीक वायरीतून साठ-सत्तर अँपिअर सहज वाहतात. बारा व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून आपण निर्धास्त असतो, पण आग लावायला बारा व्होल्ट भरपूर झाले.

मधे फ्यूज असता तर क्षणात उडाला असता. फ्यूज दिव्याच्या रक्षणासाठी असतो असं पुतण्याला वाटत होतं, म्हणून "दिवा दीडशेचा, गेला तर गेला" असा त्याचा हिशेब. फ्यूज असतो वायरीसाठी. म्हणूनच तो दिव्याजवळ बसवून उपयोग नाही, बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा. पुढं कुठंही वायर टेकली तरी वीज तिथंच थांबली पाहिजे.

पुढच्या रविवारी आम्ही काका-पुतण्या मिळून सगळं काढलं आणि पुन्हा बसवलं. पहिलं भांडण रंगावरून. "काका, निळाच ठेवूया की, भारी दिसतंय." मी त्याला घरातला एक टोमॅटो आणायला लावला आणि पट्टी निळ्यावर ठेवून हौद्यात धरायला सांगितलं. टोमॅटो काळा दिसला. तांबडी वस्तू तांबडी दिसते ती तांबडा उजेड परतवते म्हणून. उजेडात तांबडं नसेलच तर परतवणार काय? कुजका टोमॅटो आणि चांगला टोमॅटो निळ्या उजेडात सारखेच. भाजीवाल्याला असला दिवा काय कामाचा? निळसर पांढऱ्या उजेडात मेथीचं पिवळं पडलेलं पानही लवकर कळत नाही. आम्ही ४००० केल्व्हिन लिहिलेली पट्टी घेतली, ट्यूबलाइट आणि पिवळा बल्ब यांच्या मधला रंग. पाणी लागणार म्हणून सिलिकॉनचा थर असलेली.

पट्टी मीटरला पाच वॅटच्या आसपासची, चार मीटर. म्हणजे वीस वॅट. वॅटला व्होल्टनं भागायचं, वीस भागिले बारा, पावणेदोन अँपिअरच्या आत. वायर एक स्क्वेअर एमएमची, बारीक तारांची, गाड्यांसाठी मिळते ती. फ्यूज पाच अँपिअरचा. पात्यांच्या फ्यूजमध्ये पाचचा फिकट तपकिरी असतो, दहाचा तांबडा, पंधराचा निळा. रंग लक्षात ठेवले तर अंधारातही चुकत नाही. म्हणजे, हातात टॉर्च असेल तर.

काम सुरू करायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह सोडवली. पॉझिटिव्ह आधी सोडवायला गेलं आणि पाना पत्र्याला टेकला, तर पान्यातूनच शॉर्ट होतो. भोकाला रबरी बुश बसवला. वायर घड्यांच्या प्लास्टिक पाइपातून नेली, सायलेन्सरपासून लांब, दर वीतभरावर चॅसीला पट्टा. सांधे पिळून टेप गुंडाळायची आपली सवय मोडायला पुतण्याला वेळ लागला. हादऱ्यानं पीळ सुटतो आणि उन्हानं टेप. डाग देऊन वर आकसणारी नळी चढवली. निगेटिव्हसाठी चॅसीवरचा रंग खरवडून चकचकीत लोखंड काढलं, तिथं बोल्ट आवळला आणि वरून ग्रीस लावलं. रंगावरच बोल्ट आवळला की दिवा मिणमिणतो आणि माणूस दिव्याला शिव्या देतो.

पट्टी मागचा गोंद धूळ-पाण्यात महिनाभरही टिकत नाही, म्हणून ती ॲल्युमिनियमच्या पन्हाळीत बसवली. पन्हाळीवर दुधी झाकण, आणि कमानीच्या आतल्या अंगाला अशी तिरकी की उजेड मालावर पडेल. मागून येणाऱ्याच्या डोळ्यांवर नको. गाडीच्या मागं लाल सोडून दुसरा उजेड दिसू नये असा नियम आहे. आतल्या दिव्यांना त्यात सूट असली तरी चालत्या गाडीत तो बंदच ठेवायचा, असं ठरलं.

आणखी एक गोष्ट. बारा व्होल्टच्या या पट्ट्यांना इंजिन चालू असताना चौदा-सव्वाचौदा व्होल्ट मिळतात. त्यात तीन-तीन एलईडी आणि एक रेझिस्टर अशी साखळी असते. तीन एलईडी नऊ-साडेनऊ व्होल्ट खातात, वरचे सगळे रेझिस्टरवर पडतात. बाराचे चौदा झाले की करंट दीडपटीच्या पुढे जातो, पट्टी तापते आणि लवकर मरते. आमचं भरणं इंजिन बंद ठेवून होतं, त्यामुळे तो प्रश्न नाही. तुम्ही कारमध्ये चालत्या गाडीत लावणार असाल, तर व्होल्टेज बारावर धरून ठेवणारा छोटा कन्व्हर्टर मधे घाला.

इंजिन बंद ठेवून लावायचा तर विसरायची भीती. रात्रभर दहा तास राहिला तर सोळा-सतरा अँपिअर-अवर गेले, म्हणजे पाऊणशेच्या बॅटरीचा पाचवा हिस्सा. जुनी बॅटरी असेल तर सकाळी ढकलायला माणसं शोधा. म्हणून स्विच हौद्याच्या तोंडाशी आणि केबिनमध्ये डॅशबोर्डवर वाटाण्याएवढा तांबडा दिवा. ही कल्पना पुतण्याची. मला सुचली नव्हती.

पहिल्या रात्री भावानं स्विच दाबला आणि काही बोलला नाही. क्रेट लावत गेला. मग आतूनच, मोठ्यानं, "अण्णा, सव्वीस!" म्हणाला. किती वर्षांनी त्यानं क्रेट तोंडानं मोजले असतील, कोण जाणे.

परवा पहाटे साडेतीनला त्याचा म्हापशाहून फोन. "दिवा गेला." घरी आल्यावर पुतण्यानं बघितलं. क्रेटच्या कोपऱ्याखाली पाइप चेंगरून वायर उघडी पडली होती आणि फ्यूज उडाला होता. पत्रा गार, ताडपत्री जागच्या जागी. वायरचा तेवढा तुकडा बदलला, नवा फ्यूज घातला. "जाड घालूया का, सारखा उडायला नको," भाऊ म्हणाला. पुतण्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "बाबा, पाचचाच. आणि सिगारेटची चांदी-बिंदी गुंडाळायची नाही हं." मग पाचचे आणखी दोन फ्यूज त्यानं डॅशबोर्डच्या तांबड्या दिव्याशेजारी टेपनं चिकटवून ठेवले.

चष्म्याचं अजून बाकी आहे.