शिरोमर्म आणि रक्ताची साक्ष

हृदय, बस्ती व शिर ही चरकाचार्यांची त्रिमर्मे. त्यांपैकी शिरावरील आघाताची साक्ष आता रक्तात वाचता येते. जीएफएपी व यूसीएच-एल१ ही प्रथिने मेंदूच्या पेशींना इजा होताच रक्तात उतरतात. सौम्य आघातात सीटी स्कॅन कोणास टाळता येईल, हे ठरविण्यासाठी अमेरिकेने २०१८ मध्ये ही चाचणी मान्य केली. कंधारहून नांदेडला रुग्ण धाडताना आम्हांस तिचे मोल अधिकच जाणवते.

अल्झायमरची २०२५ मध्ये तेथे मान्य झालेली रक्तचाचणी मात्र लक्षणे असलेल्यांसाठीच आहे. निरोगी ग्राहकास भय घालून ब्राह्मीघृत खपविण्याचे ते साधन नव्हे, हे औषधविक्रेते बंधूंनी ध्यानी घ्यावे.

आणि दुचाकीवरून पडून वांती करणाऱ्यास नस्य देत बसणे आम्हांस अक्षम्य वाटते. त्यास तत्काळ पाठवावे. चिठ्ठीवर पडल्याची वेळ लिहावी.