सौर पंपाची वीज निरुपद्रवी नव्हे

जालना जिल्ह्यातील बागायत ही मुख्यत्वे विहिरीच्या पाण्यावर अवलंबून आहे. अंबड-घनसावंगीकडील मोसंबी असो वा भोकरदनकडील मिरची, पंप चालला तरच पीक हाती लागते. 2019 साली केंद्र शासनाने सुरू केलेली कुसुम योजना आणि 2024 साली राज्यात सुरू झालेली ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना यांमुळे जिल्ह्यात ठिकठिकाणी सौर पंप बसले आहेत व रात्रीच्या अंधारात विहिरीवर जाण्याची अनेकांची यातायात टळली आहे. ही गोष्ट निःसंशय स्वागतार्ह होय. परंतु पंपाबरोबर एक समजूतही शेतावर येऊ पाहत आहे. ‘सौर वीज डी. सी. असते, तिच्यापासून जिवाला धोका नाही,’ असे काही जण म्हणतात. ही समजूत वेळीच दूर झाली नाही, तर सोयीचे साधन घातास कारण होईल.

या समजुतीत सत्याचा अंश आहे, म्हणूनच ती अधिक फसवी आहे. खांबावरून येणारी वीज ए. सी. म्हणजे उलटसुलट वाहणारी असून तिची सेकंदास 50 आवर्तने होतात. या आवर्तनांमुळे स्नायू आखडून राहतात आणि मनुष्याला हातातील तार सोडवत नाही. प्रौढ पुरुषांत ही मर्यादा सरासरी 16 मिलिअँपिअरच्या सुमारास येते. एकाच दिशेने वाहणाऱ्या डी. सी. विजेत ती 70 मिलिअँपिअरच्याही पुढे आहे. हृदयाची लय बिघडविण्यासही डी. सी. प्रवाह अधिक लागतो. म्हणजे सारख्याच प्रमाणात शरीरातून गेल्यास ए. सी. अधिक घातक, हे खरे.

परंतु शेतावर दोन्ही प्रवाह सारख्या प्रमाणात भेटत नाहीत. एका सौर पॅनेलचा दाब साधारण 40 व्होल्ट धरला, तर ओळीने जोडलेल्या दहा पॅनेलांचा दाब 400 व्होल्ट होतो. ओल्या हातापायांच्या मनुष्याच्या शरीराचा रोध सुमारे 1,000 ओहम धरल्यास त्यातून 400 मिलिअँपिअर प्रवाह जाईल. घरगुती 230 व्होल्टच्या विजेने हाच आकडा 230 येतो. दोन्ही आकडे वर सांगितलेल्या मर्यादांच्या कितीतरी पलीकडचे आहेत. मुंबईच्या उपनगरी गाड्या 3 फेब्रुवारी 1925 पासून अनेक दशके 1,500 व्होल्टच्या डी. सी. विजेवरच धावल्या, त्या तारेला स्पर्श करणे निर्धोक आहे, असे कोणी शहाणा मनुष्य म्हणाला नसता.

शिवाय डी. सी. विजेचे काही दोष तिचे स्वतःचे आहेत. ए. सी. प्रवाह सेकंदास 100 वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना पडणारी ठिणगी विझते. डी. सी. प्रवाह शून्यावर येत नाही. म्हणून चालू पंपाचा जोड ओढून काढल्यास ज्वाला पेटून हात भाजतो. साधा ए. सी. स्विच येथे कामास येत नाही. स्विच बंद केला तरी ऊन असेपर्यंत पॅनेल ते स्विच या तारेत वीज असतेच. कंट्रोलरमध्येही ती काही वेळ साठून राहते. आणि मोटर ए. सी. असेल, तर कंट्रोलरपासून मोटरपर्यंत पुन्हा ए. सी. वीजच वाहते. एकाच विहिरीवर दोन्ही प्रवाह नांदतात, हे ध्यानात ठेवावे.

कुंपणाच्या झटका यंत्रावरूनही सौर विजेची परीक्षा करू नये. ते यंत्र क्षणमात्र व थांबून थांबून झटका देते. पॅनेलांची तार अशी उसंत देत नाही.

आमचे स्पष्ट मत असे की, पंपातून पाणी पडले म्हणजे काम पूर्ण झाले, असे मानू नये. पंप बसविणाऱ्याने दोन्ही बाजूंचे स्विच आणि अर्थिंग दाखवावे, शेतकऱ्याने ते स्वतः हाताळून पाहावे आणि गावपातळीवरील कार्यकर्त्याने त्याची खात्री करून घ्यावी. घरातील स्त्रिया व सालगडी यांनाही त्या वेळी बोलवावे, कारण पंप पुष्कळदा तेच चालू करतात. सोललेली तार चिकटपट्टी लावून चालवू नये व कंट्रोलर उघडू नये.

कोणास धक्का बसल्यास त्याला उघड्या हाताने धरू नये. स्विच बंद करावा. तरीही तार जिवंत असू शकते, म्हणून कोरड्या लाकडी काठीने त्याला दूर करावे. श्वास थांबला असल्यास छातीच्या मध्यावर मिनिटास 100 ते 120 वेळा दाब द्यावा आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

कोणती वीज सौम्य, हा वाद प्रयोगशाळेपुरता ठीक आहे. बांधावर मात्र दोन्हींना सारखेच भ्यावे आणि दोन्हींची रीत निरनिराळी ओळखावी, यातच शेतकरी बांधवांचे हित आहे.